जुन्या काडतुसांची वेष्टनावरून कालनिश्चिती

जुनी काडतुसे व त्यांचे सुटे घटक (पुंगळी, टोपी, दारू, गोळी किंवा छर्रे) ज्या खोक्यांत वा डब्यांत भरलेले असतात, त्यांवरील मजकुरावरून निर्माता आणि काळ ठरविण्याची ही पद्धत होय. वेष्टनावर वर्ष छापलेले नसल्यास तिचा विशेष उपयोग होतो.

तत्त्व

नव्या गोष्टीचा उल्लेख हा भक्कम पुरावा असतो. वेष्टन त्या गोष्टीच्या आधीचे असू शकत नाही. जुन्या गोष्टीचा उल्लेख मात्र दुबळा ठरतो, कारण छापून ठेवलेली लेबले पुढेही वापरली जाण्याची शक्यता असते.

प्रमुख खुणा

निर्मात्याचे नाव : लंडनच्या एली ब्रदर्सचा व्यवसाय पहिल्या महायुद्धानंतर नोबेल समूहात आणि १९२६ मध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाला. त्यामुळे ‘आय.सी.आय.’ ही अक्षरे असलेले एलीचे खोके १९२६ पूर्वीचे नसते.

कारखाना : पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. ब्रिटिश काळात खडकीचे नाव ‘किरकी’ असे लिहीत. तेथील लष्करी काडतुसांच्या बुडावर ‘के.एफ.’ ही अक्षरे आढळतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ चा आहे. हे दोन्ही कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे आहेत, हे नाव असलेले वेष्टन त्यानंतरचेच.

पत्ता व किंमत : ‘महाराष्ट्र राज्य’ हा उल्लेख १ मे १९६० नंतरचा, तर सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नव्या पैशांतील किंमत १ एप्रिल १९५७ नंतरची. आण्यांतील किंमत साधारणपणे त्याआधीची असली, तरी तो दुबळा पुरावा होय.

मर्यादा

वेष्टनाचा काळ हा आतील वस्तूंचा काळ असेलच असे नाही. रिकाम्या खोक्यात पुढे दुसरी काडतुसे ठेवलेली असू शकतात. म्हणून वेष्टनावरील मजकूर आणि काडतुसाच्या बुडावरील ठसा यांचा मेळ बसला, तरच निष्कर्ष विश्वसनीय ठरतो.

सुरक्षितता व कायदा

जुनी टोपी किंवा दारू कालांतराने निरुपद्रवी होते, हा समज धोकादायक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याच्या सुट्या भागांचाही समावेश होतो. परवान्याविना ते बाळगणे गुन्हा ठरू शकतो. वाडवडिलांच्या पेटीत असे खोके सापडल्यास ते न हाताळता पोलिसांना कळविणे योग्य ठरते. बाहेरील मजकूर दिसत असेल तर दुरून घेतलेले छायाचित्रही अभ्यासास उपयोगी पडते.