रोव्हर रुतला तर ट्रॅक्टर कोण आणणार?

कानात हेडफोन घालायला वेळ नसेल, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

मागच्या गाळपात आमच्या उसाच्या फडात भरलेली ट्रॉली रुतली. वरून जमीन कोरडी ठणठणीत, खाली मात्र गारा. चुलते म्हणाले, "काठी खुपसून बघायची व्हती की रं!" शेवटी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आला, तोही सरकेना, मग जेसीबी. आता विचार करा, हेच मंगळावर झालं तर?

बारामतीहून इंदापूरला जाताना जंक्शनवरून वालचंदनगरचा फाटा लागतो. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या या गावात इस्रोच्या रॉकेटचे बूस्टरचे भागही बनतात. १४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ निघालं, तेव्हा त्याला वर रेटणाऱ्या दोन अजस्र बूस्टरच्या कवचात आपल्या तालुक्याचा हात होता. आत बसला होता २६ किलोचा प्रज्ञान रोव्हर.

प्रज्ञानचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. गोगलगायीसारखाच म्हणा ना! कारण तो आधी फोटो पाठवायचा, इथली माणसं त्यावरून जमिनीचा चढउतार मांडायची, मग पुढच्या काही मीटरची आज्ञा जायची. २७ ऑगस्टला समोर ३ मीटरवर ४ मीटर रुंदीचा खड्डा दिसला आणि त्याला माघारी फिरवलं. चंद्रावर आज्ञा पोचायला जेमतेम सव्वा सेकंद लागतो, म्हणून हे तरी जमलं.

मंगळाचं गणितच वेगळं. गेममध्ये पिंग २०० झाला की आपण मोबाईल आपटतो. तिथं संदेश एका बाजूने जायलाच ३ ते २२ मिनिटं! म्हणजे खड्डा दिसला अशी बातमी येईपर्यंत रोव्हर खड्ड्यात. त्यामुळे लाईव्ह स्टिअरिंग नाहीच. साधारण दिवसभराच्या कामाची यादी एकदम पाठवायची, आणि संध्याकाळी काय झालं ते बघायचं. २०२१ साली उतरलेला पर्सिव्हरन्स तर चालता चालता स्वतःच फोटो काढून नकाशा बनवतो आणि दगड चुकवतो. सहा चाकं जोडदांड्यांवर अशी बसवलेली असतात, की एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमिनीला टेकून राहतात.

पण दगड दिसतो. पापुद्र्याखालची भुसभुशीत माती दिसत नाही.

स्पिरिट नावाचा रोव्हर २००४ साली मंगळावर उतरला. २००६ मध्ये त्याचं पुढचं एक चाक बंद पडलं, म्हणून तो उलटा चालत ते चाक फरफटत न्यायचा. त्या फरफटीनंच माती उकरली गेली आणि खाली पांढरी सिलिका सापडली, जुन्या काळच्या गरम पाण्याची खूण! मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो. बिघाडानं शोध लावला.

२००९ मध्ये मात्र कडक पापुद्रा फुटला आणि चाकं मऊ वाळूत गेली. इंजिनिअरांनी पृथ्वीवर तशीच माती पसरली, तसाच रोव्हर मुद्दाम रुतवला आणि काढायचा सराव केला. कित्येक महिने. निघाला नाही. हिवाळा आला, सोलर पॅनेलला ऊन मिळेना, आणि २२ मार्च २०१० ला त्याचा शेवटचा संदेश आला.

चुलत्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आन् तो अजून तितंच हाय?"

हो, तिथंच आहे.