टोपलीचा खरा भाव : बुरूड आळीतील तीन महिन्यांची शागिर्दी

आम्ही कापडाचे व्यापारी. ताणा आणि बाणा या दोन शब्दांवर आमचे पोट चालते. तरीही गेल्या पावसाळ्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, रोज दुपारी दुकान मुलाच्या हवाली करून आम्ही बुरूड आळीत जमिनीवर बसलो आणि टोपली विणायला शिकलो. बाजारात लोक हसले. ‘शेठ, कापड खपेनासं झालं का?’ असे एकाने तोंडावर विचारले. खरे म्हणजे ही शागिर्दी आम्ही पंचवीस वर्षांपूर्वीच करायला हवी होती. का, ते सांगतो. कारण हा हिशेब आमच्या एकट्याच्या दुकानाचा नाही.

तक्रार घेऊन गेलो, शागीर्द होऊन आलो

आमच्याकडे लग्नसराईत बरीचे कपडे बांबूच्या टोपलीत सजवून देण्याची पद्धत आहे. गिऱ्हाइकाला ते आवडते. त्यासाठी आम्ही बुरूड आळीतील एका वयस्कर जोडप्याकडे शंभर टोपल्यांची ऑर्डर दिली. सगळा बाजार त्यांना मामा-मामी म्हणतो. मामांनी नगाला १२० रुपये सांगितले. आम्ही व्यापारी माणूस, घासाघीस करून ९० वर आणले आणि माल तीन आठवड्यांत पाहिजे अशी अटही घातली. भाव पाडल्याचा त्या दिवशी आम्हाला आनंदच झाला होता.

माल वेळेवर आला. पण महिनाभरात टोपल्यांची वीण सैल पडली, बूड खाली झुकले, आतल्या कुसळांत अडकून दोन साड्यांची जर निघाली. आम्ही रागारागाने आळीत गेलो. मामांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, ‘शेठ, बांबू ओला होता. वाळवायला तुम्ही दिवस दिले नाहीत. नव्वद रुपयांत प्रत्येक पट्टीची कड तासत बसलो तर आम्ही खायचं काय? खोटं वाटत असेल तर बसा, एक विणून बघा.’

आम्ही बसलो. एका दुपारसाठी बसलो होतो, ते तीन महिने बसलो.

बांबू फोडणे हीच अर्धी विद्या

आमचा समज असा, की टोपली म्हणजे विणकाम. पहिले आठ दिवस मामांनी आम्हाला विणायला हातही लावू दिला नाही. नुसता बांबू फोडायचा. कोयत्याने आधी दोन भाग, मग चार, मग आठ. फाट सरळ मधून जात नाही. एका अंगाला पळते आणि पट्टी टोकाला निमुळती होऊन तुटते. अशा वेळी जी बाजू जाड राहिली असेल ती वाकवायची, म्हणजे फाट पुन्हा मध्यावर येते. सांगायला हे एक वाक्य आहे. हाताला कळायला आमचे कितीतरी बांबू वाया गेले आणि दोन बोटांना पट्ट्या बांधाव्या लागल्या.

मग पट्टीची पाठ आणि पोट वेगळे करायचे. हिरव्या सालीची बाजू चिवट आणि गुळगुळीत असते. आतला भाग ठिसूळ असतो. चांगल्या टोपलीत साल वापरतात, स्वस्त टोपलीत पोटाचा भागही खपवतात. आम्ही तीस वर्षे कापडात पहिल्या आणि दुसऱ्या नंबरचे सूत डोळ्यांनी ओळखत आलो, पण टोपलीतला हा फरक आम्हाला दिसत नव्हता.

ओल्या बांबूचे कारणही तेव्हा समजले. ओली पट्टी वाळताना आकसते. ओल्या पट्टीची टोपली आज घट्ट दिसते आणि महिन्याने सैल होते. म्हणून पट्ट्या आधी वाळवायच्या, आणि विणताना पाणी शिंपडून मऊ करायच्या. म्हणजे आमचा माल बिघडला तो मामांच्या हातामुळे नव्हे, आमच्या घाईमुळे.

कापडाची विद्या कोठे चालली, कोठे अडली

विणकाम मामींनी शिकवले. एक वर एक खाली ही वीण आम्हाला लगेच जमली. ती तर साध्या कापडाचीच वीण. दोन वर दोन खाली घातले की तिरपी रेघ उमटते. जीनच्या कापडात दिसते तीच रेघ, मात्र तिथे तीन आणि एकचा हिशेब असतो. पण तिसरी, षट्कोनी भोकांची वीण आली आणि आमची विद्या संपली. त्यात पट्ट्या दोन नव्हे तर तीन दिशांनी जातात. नेहमीच्या मागावर हे काम होत नाही. थोड्या बांबूत मोठी, हलकी आणि हवेशीर वस्तू त्या विणीत होते. कोंबड्या झाकण्याचे डालगे तसे असते, ते आम्ही जन्मभर पाहिले आणि कधी नीट बघितले नाही.

आणखी एक गोष्ट. मागावर ताणा ताणून धरलेला असतो. टोपलीत ताणा स्वतः उभा राहतो आणि त्याला धरणारे फक्त आपले हात असतात. गोल टोपलीत उभ्या पट्ट्या विषम संख्येत लागतात. सम घेतल्या तर एकच आडवी पट्टी फिरवताना ती प्रत्येक फेरीत त्याच काड्यांवरून जाते आणि वीण बसतच नाही. आम्ही चोवीस घेऊन दुपारभर झगडलो. मामी हसत म्हणाल्या, ‘शेठ, आणखी एक घाला.’ पंचविसावी घातली आणि काम मार्गी लागले.

आखणीत व्यापाऱ्याचा वाटा

दुसऱ्या महिन्यात आम्हाला वाटले की आता आपण नमुना काढावा. कागदावर नक्षीदार टोपली काढून नेली. मामी म्हणाल्या, ‘ही उभी राहणार नाही.’ तरी आम्ही विणली. ती खरेच उभी राहिली नाही.

पण एका बाबतीत आमचा उपयोग झाला. टोपली गोल होती आणि साडीची घडी चौकोनी. त्यामुळे घडी चुरगळत असे. आम्ही घडी मोजली, चारी बाजूंनी अंगठाभर जागा सोडली आणि लांबट चौकोनी बूड ठरवले. खाली दोन जाड कामट्या आडव्या घातल्या, म्हणजे बूड जमिनीला टेकत नाही आणि ओल लागत नाही. तोंड मात्र गोलसर ठेवले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ईशान्य भारतातील बांबू आणि वेताच्या कामावर १९८६ साली एक मोठा ग्रंथ तयार केला, एम. पी. रंजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते काम. चौकोनी बुडावर गोल तोंड ही तिकडच्या टोपल्यांची जुनी रीत आहे. आम्ही नवे काही केले नाही, फक्त आपल्या मालाला ते लावले.

कुसळांचा उपायही कापडातूनच सुचला. गिरणीत कापडावरची लव ज्योतीवर जाळतात. मामांनी सांगितले की बांबूवरही क्षणभर ज्योत फिरवली की बारीक तूस जळून जाते. कडा तासल्या, ज्योत फिरवली आणि आत मलमलीच्या चिंध्यांचे अस्तर लावले. त्यानंतर एकाही साडीचा धागा निघाला नाही.

आता हिशेब

मामा-मामींचा हात सराईत. तरी एका टोपलीला फोडणे, तासणे, विणणे आणि काठ बांधणे मिळून तीन तास लागतात, हे आम्ही घड्याळ लावून पाहिले. आम्हाला स्वतःला दोन दिवस लागत. बांबूचा खर्च नगाला २५ रुपये. ९० मधून २५ गेले, उरले ६५. म्हणजे तासाला २२ रुपयेसुद्धा नाहीत. आठ तास राबले तर दिवसाला पावणेदोनशेच्या आत. आमच्या दुकानात गठ्ठे उचलणाऱ्या मुलाला आम्ही याहून जास्त देतो. आणि ती टोपली आम्ही गिऱ्हाइकाला २०० रुपयांना लावत होतो.

हा हिशेब कागदावर मांडला त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

हजरत सलमान फारसी रजिअल्लाहु अन्हु मदाइनचे हाकिम असतानाही खजुराच्या पानांच्या टोपल्या विणून गुजराण करीत, अशी रिवायत आहे. एका दिरहमची पाने घ्यायची, विणून तीन दिरहमला विकायची. एक दिरहम पुन्हा पानांसाठी, एक घरासाठी, एक सदक्यासाठी. आमच्या ९० रुपयांत मामांचा पहिला दिरहम कसाबसा परत येत होता. दुसऱ्यात घर भागत नव्हते, मग तिसऱ्याची गोष्टच कशाला! ज्या हुनराला सहाबींचा हात लागला त्याला हलके समजणाऱ्यांनीही याचा विचार करावा. काश्मिरात कांगडीभोवती विलोच्या काड्या विणणारे हात आपल्याच बांधवांचे आहेत.

या हंगामात आम्ही नव्या नमुन्याला १६० रुपये भाव दिला, निम्मी रक्कम आगाऊ आणि मुदत सहा आठवड्यांची. मामांना आता दिवसाकाठी ३६० रुपये पडतात. आम्हाला नगामागे ४० रुपये सुटतात. पूर्वी ११० सुटत होते, हे खरे. पण पूर्वी चारातली एक टोपली फेकावी लागे, साडीची नुकसानी वेगळी आणि गिऱ्हाइकाची नाराजी वेगळी.

व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी

व्यापारी बांधवांनो, जो माल तुम्ही विकता त्याचा एक नग तरी स्वतःच्या हाताने करून पाहा. मग भाव ठरवा. बांबूचा माल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी येते. हवेशीर जागी ठेवा.

कारागीर बांधवांनो, तुमचे तास लिहून ठेवा. आम्ही मोजले तेव्हा मामांनाही पहिल्यांदाच आकडा कळला. कच्च्या मालाबाबत एक चांगली गोष्ट झाली आहे. २०१७ साली वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू तोडणे आणि विकणे सोपे झाले. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत टोपली आणि चटई विणणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, अशी त्यात तरतूद आहे. मामांचा अर्ज आमच्या मुलाने भरून दिला.

आणि ज्यांना वाटते की आता या वयात काय शिकायचे, त्यांना आम्ही एवढेच सांगू, की गुडघे दुखतात, पण हात शिकतात. पहिल्या दिवशी मामांनी आम्हाला बसायला पाट दिला होता. आम्ही तो बाजूला सारला, कारण उस्तादापुढे शागीर्द उंचावर बसत नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो, आणि दुसऱ्याची मेहनत मोजताना आपल्या तराजूची दांडी सरळ ठेवो. आमीन.