अळूच्या पिल्लांचा गोतावळा

'ओहाना' म्हणजे कुटुंब, एवढं माझ्या लेकीला 'लिलो अँड स्टिच' या २००२ सालच्या कार्टूनपटामुळे पाठ आहे. शब्द हवाई बेटांवरचा. पण तो आला कुठून, हे कळल्यावर मला गंमतच वाटली. मैत्रिणींनो, तो आला चक्क अळूतून!

हवाईत अळूला 'कालो' म्हणतात. त्याचा कंद शिजवून, कुटून केलेली 'पोई' हे तिथलं पिढ्यान् पिढ्यांचं अन्न. अळकुड्या आपल्याही ओळखीच्या. मोठ्या कंदाच्या अंगाला फुटलेली ती पिल्लं! अशा पिल्लाला हवाईत म्हणतात 'ओहा'. त्याला 'ना' प्रत्यय लागला आणि झालं 'ओहाना'. एका कंदाभोवतीचा गोतावळाच म्हणा ना.

तिथल्या पुराणकथेत तर अळू हे माणसाचं थोरलं भावंड. वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. त्याला पुरलं तिथे अळूचं रोप उगवलं. दुसरं मूल जगलं. त्याला थोरल्याचंच नाव ठेवलं, हालोआ. तोच हवाईच्या माणसांचा पूर्वज.

या गोतावळ्यात नातं रक्ताचंच हवं, अशी अट नाही. 'हानाई' म्हणजे भरवणं, वाढवणं; आणि वाढवायला दिलेलं मूलही हानाईच. हवाईची शेवटची राणी लिलिउओकालानी १८३८ मध्ये जन्मली आणि लगेच दुसऱ्या घरी दिली गेली. त्यात लपवाछपवी नव्हती. आणखी एक म्हणजे आई, मावशी, आत्या या तिघींनाही तिथे एकच शब्द चालतो, 'माकुआहिने'.

हे वाचताना मी थबकले. कारण मी मावशीकडे वाढले. तिला मूल नव्हतं, आईला आम्ही चौघी. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारायचं, "हिची खरी आई कोण गं?" मावशी काही न बोलता पंगतीत वाढायला निघून जायची. तापात उशाशी बसणारी, रोज माझ्या वेण्या घालणारी तीच. मग ती खोटी कशी?

अळूचं पिल्लू काढून दुसऱ्या वाफ्यात लावलं, तरी ते छान रुजतं. त्याला कुणी 'खरा वाफा कोणता' असं विचारत नाही. तेव्हा एखाद्या घरी असं मूल दिसलं, तर तेवढा प्रश्न गिळून टाका. "जेवलीस का गं?" एवढं विचारलंत, तरी पुरे.