टेबलावरचं डायमंड क्रॉसिंग

मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मोठे रेल्वेमार्ग नागपुरात भेटतात. स्टेशनापासून जवळच, मोहननगरच्या बाजूला, रूळ एकमेकांना काटकोनात छेदून जातात. ते डायमंड क्रॉसिंग नागपूरकर पाहुण्यांना हौसेने दाखवतात. घरात छोट्या रेल्वेचा लेआउट मांडणारे मात्र बहुधा बोगदा, डोंगर आणि पूल यांच्या मागे लागतात. नागपूरच्या हौशी माणसाने क्रॉसिंगच करावं, असं मी आग्रहाने म्हणेन. रुळांना बारा व्होल्टचा पुरवठा जोडला की इंजिन धावायला लागतं, त्यात शिकण्यासारखं थोडंच आहे. एका चौकावर दोन गाड्या येऊ घातल्या असताना एकीला वेळेवर थांबवणं हे रेल्वेचं खरं कसब. काही शे रुपयांत मिळणाऱ्या आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला ते शिकवता येतं.

आधी मापं ठरवावी लागतात. जगभर सर्वांत जास्त चालणारं एचओ प्रमाण १:८७ आहे आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे. ही युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजची प्रतिकृती झाली. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, म्हणजे या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. तेवढ्या रुंदीचे तयार रूळ सहज मिळत नाहीत, म्हणून बहुतेक जण १६.५वर भागवतात. विदर्भाच्या नॅरोगेजचं गणित मात्र छान जुळतं. ७६२ला ८७ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि एन प्रमाणाचे नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. २०१९च्या नोव्हेंबरात बंद झालेली नागपूर–नागभीड नॅरोगेज किंवा मूर्तिजापूर–यवतमाळची शकुंतला त्यावर जवळजवळ तंतोतंत उभी राहते. इंजिनं-डबे जवळून पाहायचे असतील तर कामठी रोडवरच्या मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ला सुरू झालेलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहेच.

आर्डुइनोचा जन्म २००५मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावी झाला. विद्यार्थ्यांना आणि कलाकारांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून तो बनवला गेला. त्याच्या ऊनो आर३ बोर्डावरची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिची काम करण्याची मेमरी अवघी दोन किलोबाइट आहे. आपल्या क्रॉसिंगला एवढं पुरून उरतं. फक्त तिच्या एका पिनमधून वीसेक मिलिअँपिअरच करंट घ्यावा आणि इंजिनाची मोटर तर कितीतरी जास्त मागते. म्हणून मध्ये एल२९८एनसारखा मोटर ड्रायव्हर बसवायचा. बोर्ड त्याला हुकूम देतो आणि तो रुळांना वीज. वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत चालू असण्याचा वेळ कमी-जास्त केला की वेग बदलतो. ब्रेक लावतानाही हाच वेळ हळूहळू कमी करत न्यायचा. खरी भरलेली मालगाडी थांबायला किलोमीटरभर अंतर घेते. टेबलावरची गाडी टचकन थांबली की सगळा देखावा खोटा वाटतो.

गाडी कुठे आहे हे बोर्डाला कळण्यासाठी रुळाशेजारी इन्फ्रारेड सेन्सर लावतात. नागपुरात इथे दोन अडचणी येतात. खिडकीतून येणाऱ्या उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतं, त्यामुळे दुपारी सेन्सर भलतीच गाडी दाखवतो किंवा आलेली गाडी दाखवत नाही. त्याला काळ्या नळीत बसवायचं आणि टेबल खिडकीपासून दूर ठेवायचं. दुसरी अडचण कूलरची. त्याच्या दमट हवेने प्लायवूड फुगतं, रुळांवर मळ धरतो आणि प्लॅस्टिकच्या क्रॉसिंगवर लहान इंजिनं अडखळतात. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी रंगाचा हात द्यावा. रुळांच्या सांध्यांत बारीक फट ठेवावी, कारण तापमान तीस अंशांनी वाढलं की मीटरभर रूळ सुमारे अर्धा मिलिमीटर लांबतो.

आता चौक. प्रत्येक मार्गावर क्रॉसिंगच्या अलीकडे रुळाचा एक तुकडा विजेच्या दृष्टीने वेगळा ठेवायचा आणि त्याची वीज बोर्डाच्या ताब्यात द्यायची. प्रोग्रॅममध्ये एकच नोंद असते, चौक कुणाचा? रिकामा, पूर्व-पश्चिमेचा की उत्तर-दक्षिणेचा. गाडी सेन्सरवर आली आणि चौक रिकामा असला तर तिच्या नावावर लावायचा. नसला तर तिचा तुकडा बंद. दोन्ही गाड्या एकदम आल्या तरी प्रोसेसर सेन्सर एकामागून एक वाचतो, त्यामुळे बरोबरी कधीच होत नाही. पण मग वाचनात पहिला असलेला मार्गच दर वेळी जिंकतो, म्हणून पाळी आलटून-पालटून द्यावी. चौक मोकळा करताना खरी फसगत होते. दोन डब्यांमधली फट समोर आली की सेन्सरला वाटतं गाडी गेली, आणि दुसरी गाडी पहिलीच्या मध्यावर येऊन आदळते. त्यावर उपाय दोन: सेन्सरची किरणरेषा रुळांवर तिरपी मारायची, आणि सलग दोन सेकंद काहीच दिसलं नाही तरच चौक सोडायचा. हे दोन सेकंद 'डिले'ची आज्ञा देऊन मोजू नयेत, कारण तेवढा वेळ प्रोसेसर दुसरं काही पाहतच नाही. 'मिलिस'ने घड्याळ वाचत राहावं.

लेआउटवर गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न्यायची असेल, तर सांधा बदलायला छोटी सर्व्हो मोटर चालते. एकेक अंश सरकवली की सांध्याची पाती खऱ्यासारखी सावकाश हलते. मात्र सर्व्होला हुकूम मिळाला म्हणजे पाती बसली असं नव्हे. खडा अडकू शकतो. पातीच्या टोकाशी मायक्रोस्विच लावून खात्री करावी आणि मगच सिग्नल हिरवा करावा. रेल्वेत इंटरलॉकिंग म्हणतात ते हेच.

खऱ्या रेल्वेतली आणखी एक गोष्ट इथे आणायलाच हवी. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२मध्ये ट्रॅक सर्किट शोधलं. रुळांतून क्षीण करंट वाहतो आणि एक रिले उचलून धरतो. गाडीची चाकं रूळ जोडतात, करंट रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. रूळ तुटला किंवा बॅटरी संपली तरी रिले पडतोच. बिघाड झाला की लालच, इतकी सुंदर कल्पना मला दुसरी माहीत नाही. आर्डुइनोत ती आपोआप येत नाही. बोर्ड रीसेट होताना त्याच्या पिना क्षणभर अधांतरी असतात आणि ड्रायव्हरला वाटेल तो हुकूम जाऊ शकतो. ड्रायव्हरच्या एनेबल पिनवरचा जंपर काढून तिथून ग्राउंडला दहा हजार ओहमचा रेझिस्टर जोडावा. मग बोर्ड गप्प झाला की गाडी थांबते.

हौस पुढे वाढली की डीसीसी ही डिजिटल पद्धत आहे. त्यात रुळांमधूनच प्रत्येक इंजिनाला त्याच्या नंबराने संदेश जातात, आणि आर्डुइनोवर चालणारी मोफत प्रणालीही उपलब्ध आहे. पण क्रॉसिंगचं तर्कशास्त्र तिथेही तुम्हालाच लिहावं लागतं.

या छंदाची ताकद पाहायची तर अमेरिकेतल्या एमआयटीत पाहावी. १९४६मध्ये सुरू झालेल्या तिथल्या मॉडेल रेलरोड क्लबात मुलांनी टेलिफोनचे रिले जोडून गाड्या चालवल्या, आणि तीच मुलं पुढे संगणकाकडे वळली. त्या मानाने जवळ पुणे आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८पासून सुरू आहे. तिथे गाड्यांभोवती रोपवे आणि सर्कशीसकट अख्खं शहर उभं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जावं, आणि गाड्यांइतकंच लक्ष सिग्नलकडे द्यावं.

घरचा लेआउट पूर्ण झाला की एक परीक्षा अवश्य घ्या. दोन्ही गाड्या वेगात चौकाकडे येत असताना बोर्डाची यूएसबी वायर उपसून काढा. दोन्ही गाड्या अलीकडे थांबल्या, तरच चौकाचं काम झालं. एखादी पुढे गेलीच तर तो रेझिस्टर पुन्हा तपासा.