मुंबई पाहायला कधी जावे?

मुंबई बाराही महिने गजबजलेली असते; पण पाहायची तर थंडीतच. का ते सांगतो. मे महिन्यात समुद्राकाठच्या दमट हवेने अंगावरचा घाम वाळतच नाही. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता! रुळांवर पाणी भरले की लोकल थांबते, समुद्र खवळला की घारापुरीची लाँच बंद. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो, ऊनही सोसवते. आपली भातझोडणीसुद्धा तोवर उरकते. मात्र वार बघून जावे. घारापुरीची लेणी सोमवारी आणि राणीची बाग बुधवारी बंद असते. तेव्हा आई-बाबांनो, "मे महिन्यात नेऊ" म्हणू नका. जानेवारीतल्या सहलीलाच पाठवा!