एक किल्ली, सगळी कुलुपे



गेल्या दिवाळीत फराळाची ताटे मांडत असतानाच माझ्या फोनवर सहा आकडी कोड आला. मी तर कुठेच लॉगिन करत नव्हतो! कोणीतरी माझ्या निवृत्तीच्या खात्याचा पासवर्ड अचूक टाकला होता. कोड नसल्यामुळे स्वारी दारातच अडली. तोच पासवर्ड मी पूर्वी एका खरेदीच्या वेबसाइटवर वापरला होता आणि तिथली यादी चोरीला गेली होती. ही कथा संगणक अभियंत्याच्या घरची!

चोर पासवर्डचा अंदाज बांधत बसत नाहीत. चोरलेल्या यादीतले ई-मेल आणि पासवर्ड ते यंत्राकरवी बँकांपासून सगळीकडे लावून पाहतात. २००९ साली 'रॉकयू' कंपनीचे ३ कोटींहून अधिक पासवर्ड उघडे पडले. त्यांत सर्वांत लोकप्रिय होता १२३४५६!

तेव्हा एवढे कराच. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा. मुलांची नावे, जन्मतारखा नकोत. लांबी महत्त्वाची, विळी, छत्री, मंगळ, इडली असे असंबद्ध चार-पाच शब्द जोडा (हेच मात्र नकोत!). सगळे लक्षात राहणे अशक्य, म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरा. ई-मेल सर्वांत जपा, कारण इतर खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. दुहेरी पडताळणी सुरू करा आणि आलेला कोड कुणालाही सांगू नका, अगदी 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही.

त्या रात्री चकल्या खात मी अकरा पासवर्ड बदलले. तुम्ही आज निदान ई-मेलचा बदला. आणि रविवारी आई-बाबांना फोन कराल तेव्हा त्यांच्याही कानावर घाला.