गोल्फमधील 'खेळसुधारक' आयर्न : खेळाडूंचा अनुभव आणि त्याची मीमांसा

साधन बदलले म्हणजे साधकाचे कौशल्य वाढते काय, हा प्रश्न जुना आहे. वाद्य, लेखणी, भिंग किंवा हत्यार यांविषयी तो वेळोवेळी विचारला गेला आहे. परंतु त्याचे उत्तर मोजून काढता येईल अशी उदाहरणे थोडी आहेत. गोल्फ या खेळातील 'खेळसुधारक' म्हणून ओळखले जाणारे आयर्न हे त्यांपैकी एक होय. आयर्न म्हणजे धातूचे पाते असलेला क्लब. क्रमांक जसा वाढतो तसे त्याचे मुख अधिक कललेले असते आणि चेंडू अधिक उंच, परंतु कमी लांब जातो. खेळसुधारक आयर्न हे सामान्य, हौशी खेळाडूच्या चुका सौम्य व्हाव्यात या हेतूने घडविलेले असतात.

असा संच हाती घेतलेला खेळाडू बहुधा चार गोष्टी सांगतो. चुकलेला फटका पूर्वीइतका चुकत नाही; चेंडू सहज उंच उठतो; तो पूर्वीपेक्षा लांब जातो; आणि फटका नेमका कसा बसला हे मात्र हाताला नीट कळत नाही. ही चारही विधाने अनुभव म्हणून खरी आहेत. परंतु त्या चोहोंचे कारण एक नाही, आणि ज्या अनुभवामुळे खेळाडू सर्वाधिक हरखून जातो, त्याचा 'सुधारणे'शी संबंध सर्वांत कमी आहे. या चार विधानांची कारणे वेगवेगळी करून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. साधनाचा पूर्वेतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयर्नचे डोके बहुधा पोलादाच्या तुकड्यापासून घडवीत. ते अरुंद, पातळ आणि मागून सपाट असे. धातूचा मोठा भाग मध्याच्या मागे एकवटलेला असे. या घडणीला 'ब्लेड' म्हणतात. फटका मध्यावर बसला तर ती निर्दोष होती. मध्य चुकला तर मात्र तिच्याकडून काही साहाय्य मिळत नसे.

या घडणीला पर्याय देणाऱ्यांत कार्स्टन सोल्हाइम याचे नाव अग्रगण्य आहे. तो १९११ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे जन्मला व अमेरिकेत वाढला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता असताना, चाळिशी उलटल्यावर, तो गोल्फ खेळू लागला. १९५९ मध्ये त्याने चेंडू खळग्यात ढकलण्यासाठी वापरण्याचा एक पटर तयार केला व त्यात धातूचा भार डोक्याच्या दोन्ही टोकांकडे नेला. आघाताच्या वेळी त्यातून जो नाद निघे त्यावरून त्याचे नाव 'पिंग' पडले. हेच तत्त्व त्याने पुढे आयर्नना लावले. पाठीमागचा मधला धातू काढून तो परिघावर वाटण्याची ही रचना ओतकामाने सुलभ झाली. मेणाच्या प्रतिकृतीभोवती साचा करून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातूचा रस ओतणे ही ती पद्धती होय. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्तिकलेच्या संदर्भात जिचे वर्णन आले आहे, तिच्याच जातीची. १९८२ मध्ये आलेल्या 'पिंग आय टू' या संचाने पोकळ पाठीचे आयर्न सर्वसामान्य केले. आज हौशी खेळाडूंसाठी होणारे बहुतेक आयर्न याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

२. चुकीला मिळणारी सवलत

चेंडू आणि पाते यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे अर्ध्या सहस्रांश भागाइतकाच टिकतो. अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, एवढ्या अल्पावधीत दांड्याच्या व हातांच्या द्वारे डोक्यावर होणारा परिणाम नगण्य असतो. आघाताच्या क्षणी डोके हे जणू अवकाशात मुक्तपणे चाललेले धातूचे एक ढेकूळ असते. म्हणून चेंडू मध्यापासून दूर बसला तर ते ढेकूळ स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती वळते आणि चेंडूला मिळू शकणाऱ्या संवेगाचा काही अंश त्या वळण्यात खर्च होतो. या वळण्याला डोके जो विरोध करते त्याचे माप म्हणजे निरूढी परिबल. वस्तुमान तेवढेच ठेवून धातू मध्यापासून दूर नेला की हे परिबल वाढते. पोकळ पाठीचे सारे मर्म एवढेच आहे.

ही सवलत किती, हे एका गृहीत उदाहरणावरून स्पष्ट होईल. डोक्याचे वस्तुमान २७० ग्रॅम घ्यावे. चेंडूचे वस्तुमान नियमाने कमाल ४५.९३ ग्रॅम असते, तेच धरावे. ब्लेडचे उभ्या अक्षाभोवतीचे निरूढी परिबल २,००० व पोकळ पाठीच्या आयर्नचे २,८०० ग्रॅम-वर्गसेंटिमीटर मानावे, आणि फटका मध्यापासून २ सेंटिमीटर बाजूला बसला असे समजावे. अशा वेळी डोके आपल्या पूर्ण वस्तुमानाने आघात करीत नाही. त्याच्या प्रभावी वस्तुमानाचा व्युत्क्रम हा मूळ वस्तुमानाचा व्युत्क्रम आणि अंतराच्या वर्गाला परिबलाने भागून येणारी संख्या यांच्या बेरजेइतका असतो. या रीतीने ब्लेडचे प्रभावी वस्तुमान सुमारे १७५ ग्रॅम व दुसऱ्याचे सुमारे १९५ ग्रॅम येते. मध्यावर बसलेल्या फटक्याच्या तुलनेत चेंडूचा वेग पहिल्यात सुमारे ७.३ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ५.३ टक्के घटतो. अंतर वेगाच्या प्रमाणात घटते असे स्थूलमानाने धरले, तर १४० मीटरच्या फटक्यात एक चेंडू १० मीटर कमी जाईल आणि दुसरा साडेसात मीटरच्या आसपास. म्हणजे सवलत सुमारे पावणेतीन मीटरांची झाली.

ही सवलत वास्तविक आहे, पण अल्प आहे. मग खेळाडूला ती मोठी का वाटते? याचे उत्तर मैदानाच्या रचनेत आहे. हिरवळीच्या अलीकडे पाणी किंवा वाळूचा खड्डा असेल, तर अडीच मीटर अलीकडे पडलेला चेंडू बुडतो व अडीच मीटर पुढे पडलेला सुखरूप राहतो. अंतरातील फरक सलग असतो. परंतु मैदान त्याचे 'वाचला' आणि 'गेला' अशा दोनच निकालांत रूपांतर करते. खेळाडूला फरक आठवत नाही, निकाल आठवतो.

त्याचबरोबर या सवलतीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. आघाताच्या क्षणी मुखाची दिशाच चुकली असेल, तर परिघावरचा भार तिला सुधारू शकत नाही. मुख केवळ तीन अंशांनी उजवीकडे वळलेले असले आणि चेंडू त्याच दिशेने सुटला, तर १४० मीटरवर तो सात मीटरांहून अधिक बाजूला जातो. हवेतील वळण आणखी निराळे. म्हणजे दिशेच्या या लहानशा चुकीने होणारी हानी वरील सवलतीच्या अडीचपट भरते. मुख वेळेवर बंद व्हावे म्हणून खेळसुधारक आयर्नमध्ये पाते दांड्याच्या रेषेमागे किंचित सरकविलेले असते. त्यामुळे चेंडू उजवीकडे वळविण्याची खोड असणाऱ्यास थोडे साहाय्य होते. परंतु ज्याला ती खोड नाही, त्याचा चेंडू त्यामुळेच डावीकडे झुकू शकतो.

३. उंची आणि रुंद तळ

चेंडू सहज उंच उठतो, या अनुभवाचे कारण अधिक सरळ आहे. रुंद तळामुळे डोक्याचा गुरुत्वमध्य खाली आणि मागे जातो. सामान्य खेळाडूचा चेंडू पुष्कळदा पात्याच्या खालच्या भागावर बसतो. गुरुत्वमध्यही तेथवर उतरला असल्याने आघात त्याच्या अधिक जवळ होतो. शिवाय क्लब चेंडूच्या अगोदर जमिनीला लागला, तर अरुंद तळ मातीत रुततो, रुंद तळ हिरवळीवरून घसरून पुढे जातो. हौशी खेळाडूच्या दृष्टीने हे साहाय्य परिघभाराच्या सवलतीपेक्षा कमी मोलाचे नाही. तरी त्याची चर्चा तुलनेने कमी होते. कारण टळलेली चूक दिसत नाही.

४. वाढलेले अंतर

'माझा ७ क्रमांकाचा आयर्न पूर्वीपेक्षा वीस मीटर लांब जातो' हे वाक्य नव्या संचाच्या स्तुतीत सर्वप्रथम येते. येथे एक गोष्ट तपासून पाहणे अवश्य आहे. आयर्नवर कोरलेला अंक हे कोणत्याही परिमाणाचे माप नव्हे. खेळाच्या नियमांनी विशिष्ट अंकासाठी विशिष्ट कल ठरवून दिलेला नाही. १९६० च्या सुमारास ७ क्रमांकाच्या आयर्नचा कल साधारणपणे ३८ ते ४० अंश असे. आजच्या अनेक खेळसुधारक संचांत तो २८ ते ३० अंश असतो, आणि दांडाही किंचित लांब असतो. संचात लगतच्या दोन आयर्नमध्ये सुमारे चार अंशांचे व दहा मीटरांचे अंतर असते, हे लक्षात घेता आजचा ७ हा कलाच्या दृष्टीने पूर्वीचा ५ किंवा त्याहूनही कमी क्रमांकाचा आयर्न ठरतो. खेळाडूला मिळालेल्या वीस मीटरांपैकी बहुतांश मीटर असे अंक बदलल्याने मिळालेले असतात.

निर्माते यावर जे उत्तर देतात ते सर्वस्वी अग्राह्य नाही. गुरुत्वमध्य खाली आणल्याने चेंडू अधिक उंच सुटतो; म्हणून त्याची उंची पूर्वीइतकी राखायची तर कल कमी करावा लागतो, असे ते म्हणतात. पातळ केलेल्या मुखाच्या लवचिकपणामुळे वेगात थोडी भर पडते, हेही खरे आहे. तथापि कल कमी झाला की चेंडूचे उलटे फिरणे कमी होते, आणि हिरवळीवर उतरल्यावर तो लवकर थांबत नाही. संचाच्या दुसऱ्या टोकालाही याची किंमत मोजावी लागते. आखूड फटक्याच्या पिचिंग वेजचा कल पूर्वी ४८ ते ५० अंशांच्या घरात असे. तो ४३ ते ४५ वर आल्याने आणि वाळूतून चेंडू काढण्याच्या वेजचा कल ५४ ते ५६ अंशांवर राहिल्याने मध्ये खिंड पडते. ती बुजविण्यासाठी आणखी एक वेज घ्यावा लागतो, आणि पिशवीत चौदाच क्लब बाळगण्याची नियमाने मुभा आहे. म्हणजे एका बाजूने मिळालेले दुसऱ्या बाजूने परत द्यावे लागते.

५. स्पर्श आणि शिक्षण

चौथे विधान तक्रारीच्या रूपाचे आहे : हाताला कळत नाही. येथे प्रथम हे सांगितले पाहिजे की, आघात चालू असताना हाताला काहीच कळत नाही. तळहातातील संवेदना मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या आतच चेंडू पाते सोडून गेलेला असतो. जिला खेळाडू 'स्पर्श' म्हणतो ती नंतर जाणवणारी कंपने आणि कानावर पडलेला आवाज यांची मिश्र जाणीव असते. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात या शतकाच्या आरंभी झालेल्या अभ्यासांत खेळाडूंचे स्पर्शाविषयीचे मत आणि आघाताचा ध्वनी यांचा निकट संबंध आढळून आला. सोल्हाइमच्या पहिल्या पटरला त्याच्या नादावरून नाव मिळावे, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

डोके कमी वळले म्हणजे चुकीच्या फटक्यातून हाताकडे येणारी कुरबूरही कमी होते. चूक सौम्य करणारा गुणच चुकीची बातमी दाबतो. खेळाचा आनंद घेऊ इच्छिणाऱ्याला ही देवघेव मान्य होण्यासारखी आहे. परंतु जो शिकत आहे, त्याच्या बाबतीत प्रश्न निराळा होतो. फटका कोठे बसला हे ज्याला समजत नाही, त्याला काय सुधारावे हेही समजत नाही. निष्णात खेळाडूंपैकी अनेक जण ब्लेड किंवा तत्सम लहान डोके पसंत करतात, त्यामागे परंपरेचा अभिमान असेल; पण ही बातमी मिळत राहावी अशी गरजही आहे.

६. अनुभवाचे प्रामाण्य

खेळाडूंच्या साक्षी या विषयातील मोलाची सामग्री होत. परंतु त्या पुराव्याप्रमाणे वापरताना तीन दोष सांभाळावे लागतात. पहिला दोष काळाचा. नवा संच बहुधा खेळ बिघडलेला असताना घेतला जातो, आणि बिघडलेला खेळ काही काळाने आपोआप सरासरीकडे परततो. श्रेय मात्र संचाला मिळते. दुसरा दोष स्मरणाचा : सर्वांत लांब गेलेला फटका लक्षात राहतो, सरासरी लक्षात राहत नाही. तिसरा दोष विश्वासाचा. व्हर्जिनिया विद्यापीठातील २०११ च्या एका प्रयोगात ४१ जणांना एकाच पटरने चेंडू खळग्यात घालावयास सांगितले. हा पटर एका नामांकित व्यावसायिक खेळाडूचा आहे, असे ज्यांना सांगण्यात आले होते, त्यांना खळगा मोठा भासला आणि त्यांचे अधिक चेंडू आत गेले. प्रयोग लहान आहे आणि त्यावर मोठा सिद्धान्त उभारणे उचित नव्हे. परंतु साधनाविषयीची श्रद्धा हीदेखील परिणामाचे एक कारण असू शकते, एवढे त्यावरून मानता येते. आणि नवा क्लब डोळ्यांआड ठेवून खेळता येत नसल्याने हे कारण वगळणे अवघड आहे.

म्हणून दोन संचांची तुलना अंकावरून न करता समान कलाच्या आयर्नमध्ये करावी. दोन्ही संच आलटून पालटून वापरावेत. मुखावर चूर्ण लावून प्रत्येक फटक्याचे स्थान नोंदवावे. आणि वाईट फटके न वगळता सर्वांची सरासरी व तिच्याभोवतीचा विखुरलेपणा पाहावा. असे केल्यास सवलतीचा लाभ विखुरलेपणा कमी होण्यात दिसेल. सर्वांत लांब फटक्यात तो दिसणार नाही.

सारांश, खेळसुधारक आयर्न फटक्याचा परिणाम सुधारतात, फटका सुधारत नाहीत. चूक झाल्यावर तिची किंमत ते थोडी कमी करतात, चेंडू उठविण्याचे श्रम हलके करतात, आणि अंतराच्या बाबतीत जे देतात त्यातील मोठा भाग केवळ नावाचा असतो. खेळाडू खोटे सांगत नाही. तो आपल्या अनुभवाला जवळचे कारण जोडतो इतकेच. अनुभव आणि त्याचे कारण यांतील हे अंतर मोजणे, हेच अशा साधनांचा अभ्यास करणाऱ्याचे खरे काम आहे.